मेंदूवरील दाब आणि त्याच्या दोन खुणा

डोकेदुखी हे मनुष्यमात्राच्या इतक्या परिचयाचे दुखणे आहे की, त्यास आजार म्हणावयासही कोणी सहसा तयार होत नाही. सुरत शहरातील लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांचेच उदाहरण घ्यावे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून तापीकाठच्या रेल्वेने पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. यंत्रमागांचा अखंड खडखडाट, रात्रपाळीचे जागरण, पत्र्याच्या छपराखालचा उकाडा, हिऱ्याला पैलू पाडताना भिंगातून तासन्‌तास रोखून धरलेली नजर, या साऱ्यांमुळे डोके दुखणे हा तेथे मजुरीचाच एक भाग होऊन बसलेला असतो. कपाळाला बाम चोळावा, चहाचा घोट घ्यावा, औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणावी आणि पुन्हा कामाला लागावे, हा परिपाठ. बहुतेक वेळा तो पुरतोही.

परंतु या नित्याच्या डोकेदुख्यांच्या गर्दीत क्वचित एक निराळी डोकेदुखी मिसळलेली असते. ती पहाटे अधिक असते, खोकताना वा वाकताना वाढते, तिच्या जोडीला उलटी येते आणि दिवसेंदिवस ती बळावत जाते. ही डोकेदुखी कवटीच्या आतील दाब वाढल्याची सूचना असू शकते. ती वेळीच ओळखली गेली तर दृष्टी आणि प्राण ही दोन्ही वाचू शकतात. न ओळखली गेली तर दोन्ही धोक्यात येतात. बाहेरून सारखीच दिसणारी ही दोन दुखणी वेगळी कशी करावयाची, हा वैद्यकापुढील जुना प्रश्न आहे. त्याची उकल करण्यास ज्या दोन खुणांचे विशेष साहाय्य झाले, त्यांपैकी एक डोळ्याच्या तळाशी दिसते व दुसरी मेंदूच्या अंतर्भागातील पोकळ्यांत. पहिलीला अक्षिबिंबाची सूज म्हणतात आणि दुसरीला मस्तिष्कविवरांचा विस्तार.

प्रथम दाब वाढतो म्हणजे काय होते ते पाहू. प्रौढ माणसाची कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तिच्यात तीन वस्तू असतात: मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव नावाचा पाण्यासारखा निर्मळ द्रव. सुमारे आठ दशांश जागा मेंदूने व्यापलेली असते. उरलेली दोन दशांश रक्त आणि हा द्रव यांच्यात साधारण सारखी वाटलेली असते. एडिंबरो येथील शरीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली आणि जॉर्ज केली यांनी १८२४ साली जो विचार मांडला, त्याचे सार असे की, पेटी ताणली जात नसल्यामुळे तिच्यातील एका वस्तूचे आकारमान वाढले तर दुसऱ्या कोणत्या तरी वस्तूला जागा सोडावी लागते. मेंदूत गाठ वाढू लागली की आरंभी थोडा द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, थोडे नीलारक्त बाहेर पडते आणि दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली म्हणजे मात्र वाढीचा प्रत्येक थेंब महाग पडतो. मग दाब झपाट्याने चढू लागतो. निजलेल्या निरोगी प्रौढ माणसात हा दाब पाऱ्याच्या सुमारे ७ ते १५ मिलिमीटर इतका असतो. तो फार वाढला की मेंदूला रक्त पोहोचणे कठीण होते आणि अखेरीस मेंदूचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्राकडे ढकलला जाऊन श्वसनकेंद्र दडपले जाते.

हा दाब बाहेरून दिसावा कसा? हिऱ्याच्या व्यवहारात यास जुळणारा एक प्रकार आहे. खडबडीत कच्चा हिरा आतून निर्दोष आहे की नाही हे कळण्यासाठी त्याच्या पृष्ठभागाचा एक लहानसा तुकडा घासून गुळगुळीत करतात आणि त्या खिडकीतून आत पाहतात. निसर्गाने कवटीला अशी एक खिडकी मुळातच ठेवलेली आहे, ती म्हणजे डोळा. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ साली आपल्या नेत्रपरीक्षक यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच स्पष्ट दिसू लागला. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, १८६० साली, बर्लिनचे नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या डोळ्यांत दृष्टितंत्रिकेचे टोक सुजलेले आढळते असे दाखवून दिले. पुढे इंग्लंडात क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात नेत्रपरीक्षक हे केवळ नेत्रवैद्याचे साधन नसून मज्जासंस्थेच्या रोगांत प्रत्येक वैद्याने ते वापरावे, असे प्रतिपादन केले.

अक्षिबिंब म्हणजे डोळ्याच्या तळाशी दिसणारी फिकट गुलाबी, वाटोळी, स्पष्ट कडेची चकती. तिचा व्यास जेमतेम दीड मिलिमीटर असतो. जालपटलाच्या सर्व भागांतून आलेले सुमारे दहा ते बारा लक्ष सूक्ष्म तंतू येथे एकत्र होतात आणि एका चाळणीसारख्या पडद्यातून डोळ्याबाहेर पडून दृष्टितंत्रिका बनतात. मागाच्या फणीतून ताण्याचे धागे ओवलेले असावेत, तशीच ही रचना. दृष्टितंत्रिका ही वस्तुतः मेंदूचाच बाहेर आलेला भाग असल्याने मेंदूभोवतीची आवरणे तिच्याभोवतीही असतात आणि त्या आवरणांमधील द्रव थेट डोळ्याच्या मागील बाजूपर्यंत पोहोचलेला असतो. कवटीतील दाब वाढला की तो या द्रवाच्या वाटेने तंत्रिकेच्या म्यानात उतरतो आणि तंतूंना चाळणीपाशीच आवळतो. प्रत्येक तंतूच्या आत पेशीरसाचा एक संथ प्रवाह सतत चाललेला असतो. तो तेथे अडतो, तंतू फुगतात, चकतीची कड धूसर होते, नीला तट्ट होतात आणि पुढे रक्ताचे बारीक ठिपके उमटतात.

ही कारणमीमांसा सिद्ध करण्यात एका भारतीय संशोधकाचा वाटा मोठा आहे. पंजाबात जन्मलेले सोहनसिंग हायरेह यांनी लंडनमध्ये माकडांच्या कवटीत लहान फुगा बसवून दाब वाढविण्याचे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९६४ साली प्रसिद्ध केले. तंत्रिकेचे म्यान चिरून द्रवाला वाट करून दिली म्हणजे त्या डोळ्यातील सूज ओसरते, असे त्यांना दिसून आले. दाब म्यानातून उतरतो या म्हणण्याला त्यामुळे प्रत्यक्ष आधार मिळाला.

या खुणेचा एक गुणधर्म फसवा आहे आणि सर्वसामान्य माणसाने तोच नीट ध्यानात ठेवावयास हवा. सूज येऊन आठवडे लोटले तरी समोरची बारीक अक्षरे रुग्णाला स्वच्छ वाचता येतात. प्रथम नष्ट होते ती कडेची दृष्टी. मध्यभागाची दृष्टी बहुधा अखेरीस जाते. त्यामुळे चष्म्याच्या दुकानातील फलकावरची अक्षरे शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाचीही अक्षिबिंबे सुजलेली असू शकतात. ‘नंबर नाही, डोळे उत्तम आहेत’ हे आश्वासन अशा वेळी घातक ठरते. वाकल्यावर वा एकदम उठून उभे राहिल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येणे, दूरची एक वस्तू शेजारी शेजारी दोन दिसणे, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं आवाज येणे, या तक्रारी असल्यास बाहुलीतून आत डोकावून अक्षिबिंब पाहिल्याखेरीज तपासणी पुरी झाली असे मानू नये. दाब कायम राहिला तर तंतू हळूहळू मरतात, सुजलेली चकती पांढरी पडते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही.

दुसरी खूण मेंदूच्या गाभ्यात आहे. मेंदू भरीव नसून त्यात चार विवरे आहेत: दोन बाजूंची, एक मध्यभागी आणि चौथे लहान मेंदूच्या पुढे. प्राचीन काळी स्मृती, कल्पना आणि बुद्धी या विवरांत वास करतात असे युरोपात मानीत. लिओनार्दो दा व्हिंची याने सोळाव्या शतकाच्या आरंभी बैलाच्या मेंदूतील विवरांत वितळलेले मेण ओतून त्यांचा साचा काढला. आज हे ठाऊक आहे की, या विवरांतील रक्तवाहिन्यांच्या झालरी मस्तिष्क-मेरुद्रव निर्माण करतात. दिवसाकाठी तो सुमारे अर्धा लिटर तयार होतो, पण एका वेळी शरीरात असतो तो केवळ दीडशे मिलिलिटर. अर्थात दिवसातून तीन-चार वेळा तो सारा नवा होतो. बाजूच्या विवरांतून तिसऱ्यात, तिसऱ्यातून एका अगदी अरुंद नळीने चौथ्यात, तेथून बाहेर पडून मेंदूच्या पृष्ठभागावर आणि अखेर नीलारक्तात, असा त्याचा मार्ग आहे. या वाटेत कोठेही बांध पडला, तरी झालरी आपले काम थांबवीत नाहीत. द्रव साचतो, विवरे फुगतात आणि मेंदूचा पदार्थ आतून दाबला जातो. यालाच जलशीर्ष म्हणतात.

ही विवरे जिवंत माणसात पाहण्याची युक्ती अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८ साली काढली. कवटीला छिद्र पाडून अथवा लहान मुलाच्या टाळूतून सुई घालून द्रव काढावयाचा, त्या जागी हवा भरावयाची आणि क्ष-किरणांचे चित्र घ्यावयाचे. रुग्णाला ती तपासणी अत्यंत क्लेशकारक होई. इंग्लंडातील विम्बल्डन येथे १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला गेला, आणि तेव्हापासून ही यातना संपली. आता विवरांची रुंदी थेट मोजता येते. बाजूच्या विवरांच्या पुढील शिंगांची एकत्रित रुंदी कवटीच्या आतील सर्वाधिक रुंदीच्या तीन दशांशाहून अधिक भरली, तर विवरे विस्तारली आहेत असे समजतात. फुगलेल्या विवरांतून द्रव लगतच्या मेंदूत झिरपू लागला असल्यास तोही चित्रात दिसतो, आणि दाब या क्षणी कार्यरत असल्याची ती साक्ष असते.

दोन खुणा म्हणजे दोन साक्षीदार. त्यांची साक्ष एकच असली तर निर्णय सोपा असतो. अक्षिबिंब सुजलेले आहे आणि विवरेही फुगलेली आहेत, असे दिसले तर द्रवाची वाट अडली आहे हे जवळजवळ निश्चित होते. खरी कसोटी लागते ती साक्षी जुळत नाहीत तेव्हा.

पहिला प्रकार असा की, अक्षिबिंब सुजलेले, पण विवरे नेहमीएवढी किंवा त्याहूनही लहान. गाठ नाही, जलशीर्ष नाही, स्कॅनचा अहवाल ‘साधारण’ आणि तरीही दाब वाढलेला. तरुण, वजन वाढलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. ‘अ’ जीवनसत्त्वाचे अतिसेवन किंवा टेट्रासायक्लिन गटातील औषधे यांमुळेही तो उद्भवू शकतो. मेंदूतील मोठ्या नीलांत रक्ताची गुठळी झाली तरी चित्र असेच असते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यातच बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही काही घरांतील समजूत भर घालते. बाळंतिणीचे डोके सतत दुखत असेल, उलट्या वा झटके येत असतील, तर ते अशक्तपणावर ढकलू नये. अशा वेळी नीलांचे स्वतंत्र चित्र घ्यावे लागते. स्कॅन साधारण आला म्हणून सुजलेल्या अक्षिबिंबाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे रुग्णाला अंधत्वाच्या वाटेवर सोडणे होय.

दुसरा प्रकार याच्या उलट. विवरे मोठी, पण अक्षिबिंब स्वच्छ. तान्ह्या मुलांत हे नेहमी घडते. त्यांच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने पेटी ताणली जाते, दाबाला वाट मिळते आणि डोळ्यात सूज येण्याऐवजी डोकेच वाढू लागते. टाळू फुगते, कपाळावरच्या शिरा उठून दिसतात, डोळ्यांची बुबुळे मावळत्या सूर्याप्रमाणे खालच्या पापणीआड जातात. जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असणारा डोक्याचा घेर वर्षअखेर ४६ सेंटिमीटरांच्या आसपास पोहोचतो. हे माप वेगाने पुढे धावू लागले तर साधी शिंप्याची फीतही रोग ओळखून देते. वृद्धांत मेंदू आक्रसल्यामुळे विवरे मोठी दिसतात. तेथे दाबाचा संबंध नसतो. मात्र चाल अडखळणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विस्मृती ही तीन लक्षणे एकत्र आली, तर हकीम आणि ॲडम्स यांनी १९६५ साली वर्णिलेला, दाब साधारण असतानाचा जलशीर्ष असू शकतो आणि त्यावर उपाय आहे.

तिसरी गोष्ट, दोन्ही साक्षीदार मुके असले तरी दाब नाही असे मानता येत नाही. अक्षिबिंब सुजावयास बहुधा काही दिवस लागतात. रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार लागला असेल, तर पहिल्या काही तासांत डोळ्याचा तळ निर्मळ दिसेल आणि रुग्ण तरीही मरणाच्या दारी असेल. उलट बाजूने, काही माणसांची अक्षिबिंबे जन्मतःच उंचवट्याची असतात आणि ती सुजल्याचा भास होतो. एकाच डोळ्यातील सूज बहुधा त्या डोळ्याच्याच विकाराची असते. म्हणून पारख अनुभवी डोळ्याने व्हावी लागते. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून दाब मोजण्याची रीत जर्मन वैद्य क्विंके यांनी १८९१ साली रूढ केली. परंतु मेंदूत मोठी गाठ असताना खालून पाणी काढल्यास मेंदू खाली ओढला जाण्याचे भय असते; यास्तव सुजलेले अक्षिबिंब दिसल्यास आधी स्कॅन आणि मग सुई, हा क्रम पाळतात.

हिंदुस्थानात या दोन्ही खुणा ज्या रोगांमुळे एकत्र दिसतात त्यांत क्षयजन्य मेंदूज्वराचे स्थान मोठे आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण या देशात आहेत, आणि दाटीची वस्ती, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, कोंदट हवा ही क्षयाला पोषक परिस्थिती औद्योगिक शहरांत सर्वत्र आढळते. मेंदूच्या तळाशी साचणारा चिकट स्राव द्रवाच्या वाटा बुजवितो. मुलांत याचा आरंभ फसवा असतो: पंधरा दिवस बारीक ताप, किरकिर, खाण्यावरची वासना उडणे, मग डोकेदुखी व उलट्या आणि शेवटी गुंगी. जन्मानंतर टोचली जाणारी बीसीजीची लस मुलांना या भयंकर प्रकारापासून पुष्कळ अंशी संरक्षण देते. दुसरे कारण म्हणजे डुकरातील पट्टकृमीच्या अळ्यांचे मेंदूतील कोश. शाकाहारी माणसाला हा रोग होणार नाही ही समजूत चुकीची आहे. मानवी विष्ठेतून आलेली या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून अथवा अस्वच्छ हातांतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. कोश चौथ्या विवरात अडकला तर द्रवाचा मार्ग एकाएकी बंद होतो.

उपचारांचे स्वरूप कारणावर अवलंबून असते. गाठ काढावी लागते, क्षयावर दीर्घकाळ औषधे द्यावी लागतात. विवरे साधारण असणाऱ्या स्त्रियांत वजन घटविणे आणि द्रवाची निर्मिती कमी करणारे औषध यांचा उपयोग होतो. जलशीर्षात मात्र साचलेल्या द्रवाला नवी वाट काढून द्यावी लागते. कातडीखालून एक बारीक नळी विवरापासून पोटाच्या पोकळीपर्यंत नेतात. तिला शंट म्हणतात. द्रव एकाच दिशेने आणि ठरावीक दाबालाच वाहावा यासाठी तिला झडप हवी. फिलाडेल्फियातील कुलपांच्या कारखान्यात काम करणारे जॉन होल्टर यांचा मुलगा केसी जलशीर्ष घेऊन जन्मला. शल्यविशारद युजीन स्पिट्झ यांच्याकडून ही अडचण समजताच होल्टर यांनी १९५६ साली सिलिकॉनची झडप तयार केली. केसी अल्पायुषी ठरला, परंतु त्या झडपेने असंख्य मुलांना आयुष्य दिले.

परदेशी झडपेची किंमत भारतीय कुटुंबाला परवडणारी नव्हती. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालशल्यविशारद उपाध्याय यांनी स्वस्त देशी शंट तयार केले. पुढे उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर येथे बनणारे छाब्रा शंट देशभर पसरले. युगांडात १९५ मुलांवर केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हे स्वस्त भारतीय शंट महागड्या परदेशी शंटाच्या तोडीस तोड उतरले. ज्या रुग्णांत अडथळा तिसऱ्या विवराच्या पुढे असतो, त्यांच्यात दुर्बिणीने त्या विवराच्या तळाला छिद्र पाडूनही द्रवास वाट देता येते. शंट बसविलेल्या मुलाच्या पालकांनी एक गोष्ट कायम स्मरणात ठेवावी. नळी केव्हाही तुंबू शकते. पुन्हा डोके दुखू लागले, उलट्या किंवा सुस्ती आली, तर ते पोट बिघडले असे समजून घरी थांबू नये.

सुरतेत १९६४ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे नवे सिव्हिल रुग्णालय आहे, आणि लिंबायतच्या निकट उमरवाडा भागात महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय आहे. दोन्ही ठिकाणी नेत्रविभाग आहेत. अक्षिबिंबाची पाहणी ही काही मिनिटांची, सुई न टोचणारी, वेदनारहित तपासणी आहे. तिला मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो नेत्रपरीक्षक आणि पाहणाऱ्याचा सराव. अडचण बहुधा रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची असते, कारण एक दिवस मागावर गेले नाही की त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी घरच्यांनी निदान ही कसोटी लावून पाहावी. डोकेदुखी नवी आहे काय, ती पहाटे झोपेतून उठविते काय, उलटी होते काय, वाकल्यावर अंधारी येते किंवा दोन दोन दिसते काय आणि दर आठवड्याला ती वाढत आहे काय. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर गोळीवर आणखी दिवस काढू नयेत. रुग्णालयात गेल्यावर केवळ चष्म्याचा नंबर तपासून परत न येता ‘डोळ्याचा आतला पडदा पाहा’ असे वैद्यांना स्पष्ट सांगावे. आणि ज्याला झटका आला आहे, जो गुंगीत आहे किंवा ज्याच्या डोक्याला नुकताच मार बसला आहे, त्याच्या बाबतीत सकाळची वाट पाहू नये. त्याला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.